पाडा आणि पडदा : डहाणू-तलासरीतील तंत्रज्ञानाची भाषा

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत वसलेल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत मोबाइलच्या पडद्यापर्यंत पोहोचण्यासाठी माणसाला एक नव्हे, तर अनेक भाषा ओलांडाव्या लागतात. इंग्रजी न येणाऱ्यांना तंत्रज्ञानात येणाऱ्या अडचणींची चर्चा जेव्हा होते, तेव्हा त्या चर्चेत सहसा दोनच भाषा गृहीत धरलेल्या असतात : एक घरची आणि दुसरी यंत्राची. येथे घरात वारली बोलली जाते, शाळेत प्रमाण मराठी शिकवली जाते, सीमेपलीकडे गुजरातमधील उंबरगाव-वापीकडच्या कारखान्यांत गुजराती आणि हिंदी कानावर पडते आणि हातातल्या फोनवर इंग्रजी उमटते. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यातील सुमारे नऊ-दशांश आणि डहाणू तालुक्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि तिच्यात वारली समाज सर्वांत मोठा आहे, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे 'ॲप मराठीत आणले की प्रश्न सुटला' हे विधान येथे का अपुरे पडते, ते कळू लागते.

वारली भाषेला स्वतःची लिपी नाही. ती लिहायची वेळ आली तर देवनागरीत लिहिली जाते. भाषाभ्यासकांनी तिचा विचार बहुधा मराठीच्या परिवारात केला, तर जनगणनेच्या भाषा-तक्त्यांत ती भिली समूहाखाली मोजली जाते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये मराठी आहे, वारली नाही. ही अनुसूची मुळात राजभाषेसंबंधीच्या तरतुदींसाठी केलेली यादी असली, तरी तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तिला वेगळेच वजन आले आहे. फोनवर कोणत्या लिपी दिसल्या पाहिजेत, शासकीय भाषांतर-यंत्रणा कोणत्या भाषांसाठी उभारायची, कळफलकाचे प्रमाणीकरण कशाचे करायचे, हे सारे बहुतेक वेळा त्या २२ नावांवरून ठरते, आणि यादीबाहेरची भाषा बोलणाऱ्याला यादीतल्या जवळच्या भाषेचा पाहुणा होऊन राहावे लागते.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण अंगणवाडीत सापडते, आणि ते याच परिसराशी जोडलेले आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकांनीच पाड्यावर जावे आणि तेथील अंगणात बालवाडी भरवावी, या साध्या आणि धीट विचारातून अंगणवाडी ही कल्पना आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेण्यात आली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. या प्रयोगाच्या मुळाशी असलेले तत्त्व भाषेलाही लागू होते : मुलाने संस्थेकडे यावे अशी अपेक्षा न करता संस्थेने मुलाकडे जावे, त्याच्या अंगणात बसावे, त्याच्या परिसरातल्या वस्तू हाताळाव्यात आणि त्याच्या बोलण्यापासून सुरुवात करावी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला आणि आज तो बहुतेक भारतीय भाषांत कोणत्याही भाषांतराशिवाय वापरला जातो.

मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने अंगणवाड्यांसाठी 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आणले. बालकांचे वजन आणि उंची, गरोदर व स्तनदा मातांची नोंद, आहाराचे वाटप, आधार क्रमांक ही सारी माहिती सेविकेने रोजच्या रोज या ॲपमध्ये भरावी, अशी अपेक्षा होती. महाराष्ट्रातील सेविकांच्या हाती ते आले, तेव्हा त्याची भाषा इंग्रजी होती. २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन जुने आणि कमी क्षमतेचे असणे हे त्यामागचे एक कारण होते आणि ॲप मराठीत नसणे हे दुसरे. हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला. पुढे ॲपमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांचा समावेश झाला. ज्या संस्थेचे नावच मराठी आहे आणि जिची कल्पना डहाणूच्या किनाऱ्यावर व कोसबाडच्या टेकडीवर घडली, त्या संस्थेतील सेविकेला आपल्या कामाची नोंद आपल्या भाषेत करता यावी यासाठी भांडावे लागले, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

येथे अडचण नेमकी कोठे निर्माण होते, ते बारकाईने पाहणे आवश्यक आहे. सेविकेला मुलाचे वजन करता येते, वाढीच्या तक्त्यावर ठिपका देता येतो आणि मूल खंगत चालले आहे हे तक्त्याआधी तिच्या नजरेला कळते; तिचे ज्ञान उणे नसते. परंतु इंग्रजी आवृत्तीत 'तीव्र कुपोषण' आणि 'मध्यम कुपोषण' यांच्यासाठी पडद्यावर रोमन आद्याक्षरे येत, चूक झाली तर ती कोणती हे सांगणारे वाक्य इंग्रजीत येई, आणि मग तिला कळे ते यंत्राला सांगता येत नसे. शिवाय प्रत्येक नोंद हे एक भाषांतर असते. आई वारलीत सांगे, सेविका मनात त्याचे मराठी करी आणि यंत्र त्याचा इंग्रजी रकाना करी. या साखळीतील मराठी-इंग्रजी हा दुवा ॲपच्या नव्या आवृत्तीने सांधला. वारली-मराठी हा दुवा मात्र पूर्वीप्रमाणेच सेविकेच्या जिभेवर अवलंबून राहिला, आणि सेविका स्वतः पाड्यावरची नसेल तर तो तुटतो.

भाषा यंत्रात शिरण्यापूर्वी लिपी शिरावी लागते, आणि देवनागरीचा हा प्रवास सरळ झालेला नाही. संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो आणि अशा क्रमांकांच्या ठरलेल्या यादीला संकेतप्रणाली म्हणतात. भारतीय लिपींसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९८० च्या दशकात तयार झाली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड' या जागतिक संकेतप्रणालीने देवनागरीसाठी १२८ जागांचा जो विभाग ठेवला तो इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतला होता. तरीही पुढची कित्येक वर्षे मराठी मजकूर छपाईसाठी बनवलेल्या अशा टंकांत तयार होत राहिला, ज्यांत आतील क्रमांक रोमन अक्षरांचे आणि वरचा आकार तेवढा देवनागरी असे. असा मजकूर तोच टंक नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक रोमन चिन्हे दिसत, आणि त्यात एखादे गाव किंवा नाव शोधणे तर अशक्यच असे.

युनिकोड आल्यावरही मराठीच्या काही खास गरजा मागे राहिल्या, कारण देवनागरीचा विचार बऱ्याचदा हिंदीच्या अंगाने झाला. डहाणू-तलासरीच्या भूगोलातच याचे नेमके उदाहरण आहे. पूर्वेकडे डोंगरांमधल्या 'दऱ्या' आहेत आणि पश्चिमेला 'दर्या' आहे. या दोन शब्दांत फरक आहे तो केवळ अर्ध्या र-काराच्या आकाराचा. पहिल्या शब्दातील आडव्या र-कारासाठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या 'ऱ' ला हलन्त जोडावा लागतो, आणि हिंदीपुरत्या बनवलेल्या कळफलकावर तो सहज सापडत नाही. त्यातून लिहिणारा 'दर्या' लिहून मोकळा होतो आणि दरीचा समुद्र होतो. याच आडव्या र-काराचा आकार 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही काढता येतो. डोळ्याला दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती वेगळी वाटतात, म्हणून एका रूपाने शोध घेतला असता दुसऱ्या रूपातला मजकूर सापडेलच याची खात्री नसते. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, म्हणजे 'ॲप' हा शब्द घरोघरी पोहोचण्याच्या जेमतेम काही वर्षे आधी. त्यापूर्वी 'अ' वर चंद्र बसवण्याची कसरत करावी लागे आणि अनेक फोनांवर तो चंद्र अक्षरापासून सुटून शेजारी जाऊन बसे.

लिपीची किंमत जागेच्या हिशेबातही मोजावी लागते. महाजालावर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साठवणुकीच्या पद्धतीत एका रोमन अक्षराला एक बाइट, म्हणजे स्मृतीचा एक लहान कप्पा लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना-मात्रा हीदेखील स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'डहाणू' हा शब्द रोमन लिपीत सहा बाइटांत मावतो, देवनागरीत त्याला पंधरा लागतात. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीतली १६० अक्षरे बसतात, देवनागरीत संदेश लिहिताच ही मर्यादा ७० चिन्हांवर येते. मराठी संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेला त्यामुळे एकाच मजकुरासाठी दोन-तीन संदेशांचे पैसे मोजावे लागतात आणि इंग्रजी संदेश पाठवण्याचा मोह तेथूनच सुरू होतो. अलीकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रारूपांतही हाच प्रकार दिसतो : ही प्रारूपे मजकुराचे लहान तुकडे करून वाचतात, आणि त्यांचे प्रशिक्षण मुख्यतः इंग्रजीवर झालेले असल्याने तोच आशय मराठीत लिहिला असता त्याचे तुकडे अधिक पडतात.

नावांच्या बाबतीत ही ओढाताण थेट हक्कांशी येऊन भिडते. नेहमीच्या रोमन लेखनात ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल यांत भेद करता येत नाही. त्यामुळे देवनागरीतून रोमनमध्ये गेलेले नाव परत देवनागरीत आणले की 'डहाणू' चे 'दहानू' होऊ शकते. गावाच्या नावाची चूक लोक ओळखून घेतात, माणसाच्या नावाची चूक मात्र यंत्र माफ करत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक वर्णाक्षरी, आधारपत्रावर दुसरी आणि बँकेच्या पासबुकावर तिसरी असली, की शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा रोजगार हमीची मजुरी अडकून पडते. वारली चित्रकलेला जगापुढे नेणारे डहाणू तालुक्यातील चित्रकार जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचे आडनाव इंग्रजी लेखनात 'माशे' असे वाचले जाईल अशा रीतीने रूढ झाले आहे. ज्यांना कोणी ओळखत नाही अशांच्या आडनावांना रकाने भरणाऱ्याच्या कानावर विसंबून राहावे लागते.

याच प्रदेशाच्या इतिहासाला धरून आणखी एक गोष्ट नोंदवणे योग्य ठरेल. १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि किसान सभेचे नेते गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्धचा लढा उभा राहिला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी राबणाऱ्या लग्नगड्याच्या काळात न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवणे ही जमीनदारी व्यवहाराची रीत होती. आज ॲप उघडताना लांबलचक इंग्रजी अटींखाली 'मान्य आहे' या अर्थाचे बटण येते आणि तेही अंगठ्यानेच दाबले जाते. दोन्ही प्रसंगांतील शोषणाची तीव्रता सारखी नाही, पण न वाचता दिलेली संमती ही संमती मानायची का, हा प्रश्न तोच आहे.

वापरकर्त्याच्या पलीकडे जाऊन स्वतः संगणकाला आज्ञा देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे निराळा डोंगर असतो. प्रोग्रॅमिंग, म्हणजे यंत्राने पायरीपायरीने काय करावे याचा लेख तयार करणे, हे ज्या भाषांत केले जाते त्यांचे राखीव शब्द जवळजवळ सर्वत्र इंग्रजी आहेत. 'इफ', 'एल्स', 'व्हाइल', 'रिटर्न' हे शब्द इंग्रजी जाणणाऱ्याला पहिल्याच वाचनात आशय सुचवतात. आश्रमशाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला ते चित्रासारखे पाठ करावे लागतात. वास्तविक अटींची मांडणी मराठीत अगदी नेटकी आहे : 'जर वजन कमी असेल तर मुलाला पुन्हा तपासा, नाही तर पुढच्या मुलाकडे जा' हे वाक्य म्हणजे तयार प्रोग्रॅमच होय, आणि 'जर-तर' ची ही घडण ज्याच्या तोंडी आहे त्याला तर्क परका नाही. 'स्ट्रिंग' म्हणजे अक्षरांची माळ, 'लूप' म्हणजे फेरा, 'व्हेरिएबल' म्हणजे नाव दिलेला बदलता कप्पा, असे सांगितले की कल्पना लगेच उलगडते. ती सांगणारे कोणी नसते, एवढेच.

कप्प्यांना तरी मराठी नावे द्यावीत, असे कोणी म्हणेल. पायथन या लोकप्रिय भाषेच्या २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते शक्य आहे. गो या भाषेत मात्र नावांमध्ये केवळ स्वतंत्र अक्षरे आणि अंक चालतात. काना, वेलांटी, अनुस्वार यांसारखी जोडचिन्हे चालत नाहीत. परिणाम असा, की त्या भाषेत 'वजन' हे नाव वैध ठरते आणि 'उंची' हे नाव चूक ठरते. देवनागरीतील शब्द या नियमात बसत नाहीत हे तिच्या निर्मात्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. यात कोणाचा द्वेष नाही, पण नियम करताना कोणाची लिपी डोळ्यांसमोर होती, ते यातून स्पष्ट होते.

अडचण राखीव शब्दांपेक्षा चुकांच्या संदेशांत जास्त असते. प्रोग्रॅम चुकला की यंत्र एक वाक्य दाखवते आणि ते वाक्य वाचूनच चूक दुरुस्त करायची असते. ते कळले नाही तर विद्यार्थी अंदाजाने शब्द बदलत बसतो. फिलिप ग्वो या संशोधकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८६ देशांतील ८४० जणांनी अनुभव सांगितले. त्यांच्या मातृभाषा ७४ होत्या आणि शिकवण्याचे साहित्य वाचणे, इतरांशी तांत्रिक संवाद साधणे, प्रोग्रॅम वाचणे-लिहिणे आणि इंग्रजी व प्रोग्रॅमिंग एकाच वेळी शिकणे, या अडचणी त्यांत पुन्हा पुन्हा आल्या. त्यांनी केलेली मागणी ध्यानात घेण्यासारखी आहे : सोपी इंग्रजी, अधिक चित्रे आणि एका विशिष्ट संस्कृतीच्या माहितीवर न बेतलेली उदाहरणे. मुलांसाठीच्या 'स्क्रॅच' या चित्रठोकळ्यांच्या भाषेवर २०१७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात, आपल्या भाषेतले ठोकळे वापरणारी मुले नव्या संकल्पना अधिक वेगाने आत्मसात करतात, असे आढळले.

उदाहरणांचा मुद्दा डहाणू-तलासरीला विशेष लागू आहे. संगणकाच्या पडद्यावरील टेबल, फाइल, फोल्डर, कचऱ्याची टोपली हे सारे रूपक कचेरीचे आहे. कुडाच्या घरात वाढलेल्या आणि कचेरी फक्त दाखल्यासाठी पाहिलेल्या मुलाला हे रूपक मदत करत नाही, उलट आणखी एक कोडे घालते. चिकूच्या वाडीतील प्रतवारी, भाताच्या खाचरातील पाण्याची फिरवाफिरव, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा फेर ही उदाहरणे त्याच्या ओळखीची आहेत. फेरा म्हणजे काय, हे तारपा वाजवणाऱ्याच्या मागे वर्तुळाकार नाचणाऱ्या रांगेइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने सांगता येईल?

कारखान्यात मात्र चित्र थोडे वेगळे दिसते. उंबरगाव-सरीगाम पट्ट्यात संगणक-नियंत्रित कातकाम यंत्रांवर काम करणाऱ्या कामगाराला 'जी-०१' म्हणजे सरळ रेषेत कापणे, 'एम-०३' म्हणजे दांडा फिरवणे, असे अक्षर-अंकांचे संकेत शिकावे लागतात, आणि ते कोणाचीच मातृभाषा नसल्याने तो ते झपाट्याने शिकतो. धाकटी डहाणू किंवा झाईचा मच्छीमारही जीपीएसवरील अंक इंग्रजीवाचून वाचतो. अडते ते यंत्र बंद पडून पडद्यावर इंग्रजी वाक्य उमटते तेव्हा.

मराठीकरणाच्या रीतीबद्दलही बोलले पाहिजे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे काम केले आणि 'संगणक' हा शब्द तर पूर्णपणे रुळला. पण पडद्यावरची मराठी अनेकदा अशी असते की ती वाचण्यासाठी मूळ इंग्रजी आठवावे लागते. 'ओटीपी', 'रिचार्ज', 'अपलोड', 'सबमिट' हे शब्द पाड्यावर सर्रास बोलले जातात. त्यांना हुसकावून संस्कृतप्रचुर प्रतिशब्द आणले तर वारलीभाषकासाठी ती आणखी एक परकी भाषा होते. रुळलेला शब्द राहू द्यावा आणि त्याभोवतीचे वाक्य सोप्या मराठीत लिहावे, हा मार्ग अधिक माणुसकीचा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' या भाषांतर-ॲपची प्राथमिक आवृत्ती आणली. तिची सुरुवात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषांनी झाली. जनगणनेत वारली भिलीखाली मोजली जात असली, तरी भिली शिकलेल्या यंत्राला वारली आईचे बोलणे कळेल असे नाही. त्यासाठी वारलीचेच पुष्कळ तासांचे ध्वनिमुद्रण आणि त्याचे अक्षरशः लेखन लागते, आणि लेखन म्हटले की प्रश्न उभे राहतात. वारलीची वर्णलेखनाची रीत ठरलेली नाही. डहाणूची बोली आणि जव्हारकडची बोली अगदी एक नाही. सीमेपलीकडे गुजराती शाळेत शिकलेला वारली तीच वाक्ये गुजराती लिपीत लिहील, आणि यंत्राच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी लेखने ठरतील. शिवाय धवलेरीने, म्हणजे लग्नविधी चालवणाऱ्या वारली स्त्रीने, लग्नात गायची गीते ही विधीचा भाग आहेत. समाजाची संमती घेतल्यावाचून ती यंत्राच्या शिकवणीसाठी साठवणे उचित नाही.

म्हणून सुरुवात अंगणवाडीच्या वजनकाट्यापाशी होणाऱ्या बोलण्यापासून करणे सोयीचे आणि उपयोगाचे आहे. मूल किती दिवसांपासून जेवत नाही, ताप केव्हा आला, बाप कामासाठी वापीला गेला आहे की वीटभट्टीवर, घरात तांदूळ आहे का, हे प्रश्न रोज वारलीत विचारले जातात आणि त्यांची उत्तरे रोज मराठी किंवा इंग्रजी रकान्यांत बसवली जातात. या दोन्ही बाजू जाणणाऱ्या वारली सेविका आणि शिकलेली तरुण मुले दोन्ही तालुक्यांत आहेत, आणि कोणता वारली शब्द कोणत्या रकान्यात मावत नाही, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.